जीपार्टेड लाइव्ह : फाळणी उत्तम करतो, पण सी ड्राइव्ह त्याच्या हाती देऊ नका

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीला एखाद्या दुकानात लॅपटॉप घेऊन जा आणि विंडोजशेजारी लिनक्स टाकायचंय म्हणा. ‘दादा, फॉरमॅट मारावा लागेल’ हे उत्तर कुठे ना कुठे ऐकू येतंच. फॉरमॅट मारावा लागत नाही. डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणारा, त्यांना लहान-मोठं करणारा जीपार्टेड लाइव्ह फुकट मिळतो, आणि एका रिकाम्या पेनड्राइव्हवर काम भागतं. फक्त कोणतं काम त्याला सांगायचं आणि कोणतं विंडोजकडूनच करून घ्यायचं, ते कळलं पाहिजे.

जीपार्टेड 2004 पासून आहे. त्याची पेनड्राइव्हवरून थेट चालणारी लाइव्ह आवृत्ती डेबियन या लिनक्सवर उभी आहे. तिची इमेज (अख्खी आवृत्ती एका फाइलीत) रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहायची आणि बूट मेन्यूतून सुरू करायची. अख्खी डिस्क एका आडव्या पट्टीत दिसते. तुम्ही सांगाल ते बदल खाली रांगेत लागतात आणि वरची हिरवी खूण दाबेपर्यंत डिस्कला धक्का लागत नाही. चुकून भलतंच पार्टिशन पुसायला निवडलं तरी रांगेतून ते काढता येतं. घाईत असलेल्या माणसासाठी याहून मोठी सोय नाही.

सी ड्राइव्ह लहान करायचं काम मात्र विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटलाच द्या. तिथे एक अडचण ठरलेली : डिस्कवर 300 जीबी रिकामे असतात आणि ‘फक्त 40 जीबी कमी होतील’ असा हिशेब समोर येतो. कारण हायबरनेशनची (झोपताना मेमरी साठवायची) फाइल, पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची जागा) आणि रिस्टोअर पॉइंट पार्टिशनच्या मध्येच कुठेतरी ठाण मांडून बसलेले असतात आणि विंडोज चालू असताना ते हलत नाहीत. अॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ने हायबरनेट बंद करा, पेजफाइल शून्य करा, रिस्टोअर पॉइंट बनवणारं सिस्टिम प्रोटेक्शन थांबवा, रीस्टार्ट करा आणि मग श्रिंक (लहान) करा. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. हायबरनेट गेलं की फास्ट स्टार्टअपही जातं, तेही हवंच असतं. नाहीतर लिनक्सला विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं दिसतं आणि ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं. पेजफाइल आणि प्रोटेक्शन नंतर पुन्हा चालू करायला विसरू नका. उबुंटूसाठी 60 ते 80 जीबी सोडले तर पुढे पस्तावा होत नाही.

जीपार्टेडची खरी किंमत कळते ती 256 जीबीची एसएसडी काढून 512 जीबीची बसवताना. (विंडोजला ती 476 दिसते, दुकानदाराने फसवलेलं नसतं, 1000 आणि 1024 चा फरक असतो.) जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) केल्यावर क्रम असा येतो : 100 एमबीचं ईएफआय (बूटच्या फाइली), 16 एमबीचं राखीव, मग सी, मग रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीची साधनं) आणि सगळ्यात शेवटी मोकळी जागा. रिकव्हरी मध्ये आडवं पडल्यामुळे सी वाढवायचा पर्याय डिस्क मॅनेजमेंटमध्ये फिका दिसतो. आधी विंडोजमध्ये ‘रीएजंटसी डिसेबल’ ही कमांड (रिकव्हरी बंद करायची), मग जीपार्टेडमध्ये रिकव्हरी उजव्या टोकाला, परत विंडोजमध्ये येऊन सी वाढवा, शेवटी ‘रीएजंटसी इनेबल’. रिकव्हरी पाऊण-एक जीबीचं असतं, सरकायला वेळ लागत नाही. सी ला जीपार्टेडने हातही लावला नाही, हे महत्त्वाचं.

मोठं पार्टिशन सरकवणं हा जीपार्टेडचा कमजोर भाग. एनटीएफएसचं (विंडोजची नेहमीची फाइल-पद्धत) 200 जीबीचं डी ड्राइव्ह डावीकडे न्यायचं म्हटलं, की आत 20 जीबीच भरलेले असले तरी तो सगळे 200 उचलून ठेवतो. जुन्या फिरत्या डिस्कवर दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत. म्हणून आधी आखडून 30 जीबी करा, मग सरकवा, मग पुन्हा पसरवा. आणि मध्येच वीज गेली तर ते पार्टिशन अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहतं. महावितरणचा दुरुस्तीसाठी वीजबंदचा मेसेज आला असेल तर त्या दिवशी डेस्कटॉपवर हे काम काढूच नका. लॅपटॉपची बॅटरीही शंभर टक्के आणि चार्जर लावलेला हवा.

विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप) आपोआप चालू असतं. असं पार्टिशन जीपार्टेडला लहान-मोठं करता येत नाही. 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा, मगच बायोसला (मदरबोर्डच्या सेटिंगला) हात लावा. जीपार्टेडमध्ये डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळायची वेगळी पद्धत) चालू असतं. ते थेट बंद केलं तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उघडायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, सेफ मोडमध्ये एकदा शिरा आणि मग सेफ मोडचा पर्याय काढा.

क्लोनसाठी क्लोनझिला हा प्रोग्राम चांगलाच, पण नेहमीच्या सेटिंगवर नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठीच मागतो. क्लोननंतर दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक) सारखेच असतात, म्हणून पहिल्या बूटला जुनी काढून ठेवा. डिस्कच्या स्मार्ट (स्वतःच्या तब्येतीची नोंद) माहितीत पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याहून जास्त दिसला तर जीपार्टेड बाजूला ठेवा; अशा डिस्कवर सरकवासरकव म्हणजे आगीत तेल. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने जमेल तेवढा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा.

सगळं झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. डिस्क बिघडलेली नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक मानतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की पुढच्या बूटला वेळ जुळते.