अंगावर जाणारा की नुसता भुंकणारा? राखणीचा कुत्रा घेण्याआधी

माझ्या मावसबहिणीने पौडच्या पुढे पाच गुंठ्यांवर घर बांधलं. शेजारचं घर हाकेच्या टप्प्यात नाही. घरी 7 वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. राखणीला कुत्रा हवाच होता आणि तिच्यासमोर दोन पर्याय होते. एका ट्रेनरकडे दीड वर्षाचा रॉटवायलर तयार होता, 'फुल ट्रेन्ड आहे, सांगितल्याशिवाय चावणार नाही' अशा हमीसकट. नाहीतर अल्सेशियनचं, म्हणजे जर्मन शेफर्डचं, पिल्लू आणायचं, घरीच शिस्त लावायची, पण अंगावर जायला शिकवायचं नाही. तिने मला विचारलं, "ताई, चांगला शिकवलेला कुत्रा खरंच चावत नाही का गं?"

चावतो. शिकवलेलाही चावतो, न शिकवलेलाही चावतो. कुठल्याही कुत्र्याची अशी हमी देता येत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून कुत्रा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विचार करायचा तो असा, की कोणता कुत्रा कोणत्या वेळी चावेल, आणि त्या वेळी त्याला आवरणारं माणूस घरात असेल का?

'ट्रेन्ड' म्हणजे नेमकं काय शिकवलेलं?

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. बस, थांब, इकडे ये, सोड, हे झालं आज्ञापालन. अंगावर जाण्याचं शिक्षण वेगळं. त्यात कुत्र्याला चावायला शिकवतात, आणि सांगितलं की सोडायला. जर्मन शेफर्डची कामाची पात्रता पाहण्यासाठी जर्मनीत शुट्झहुंड नावाची परीक्षा सुरू झाली. आज तिला आयजीपी म्हणतात. त्यात लपलेला माणूस कुत्र्याने शोधायचा. तो माणूस स्तब्ध उभा असेल तर समोर उभं राहून फक्त भुंकायचं, दात लावायचा नाही. तो पळाला किंवा अंगावर आला तरच पकडायचं, आणि मालकाच्या एका शब्दावर सोडायचं. असा कसलेला कुत्रा मी पाहिला आहे. त्याचा ताबा बघून खरोखर थक्क व्हायला होतं.

पण त्या मैदानावर काय काय असतं ते बघा. समोरच्या माणसाच्या हाताला जाड बाही असते. मालक पाच पावलांवर असतो. आणि पळणारा माणूस म्हणजे पकडायचा माणूस, हे तिथे ठरलेलं असतं. आपल्या फाटकातून पळतो तो हेल्मेट घातलेला पार्सलवाला, खांद्यावर सिलिंडर घेतलेला गॅसवाला, नाहीतर लपाछपी खेळणारी मुलीची मैत्रीण. कुत्र्याला त्यांच्यात आणि चोरात फरक कळेलच असं नाही, आणि मालक त्या वेळी पुण्यात ऑफिसात असतो.

नुसत्या आज्ञापालनाचीही मला खात्री नाही, आणि त्याला कारण आमचा राजा. अल्सेशियन होता. ट्रेनरने चार महिने मेहनत घेतली होती आणि माझा शब्द तो कधी मोडत नसे. एका दुपारी मी बाहेर गेले असताना मीटर वाचायला एक मुलगा आला आणि सासऱ्यांनी फाटक उघडलं. राजा साखळीला होता, पण साखळी मीटरपर्यंत पोचत होती. तो गुरगुरला, मुलगा घाबरून वळून पळाला, आणि राजाने त्याची मांडी धरली. सासरे 'राजा, सोड' म्हणून ओरडत होते. तो शब्द राजाने माझ्या तोंडून शिकला होता, त्यांच्या नाही. त्या मुलाला इंजेक्शनांसाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागलं. चूक माझी होती, कुत्र्याची नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही ती मला टोचते.

समोरासमोर ठेवून पाहिलं तर

रात्रीचा चोर: बाहेरच्या माणसाला ऐकू येतो तो मोठा आवाज आणि दिसतो तो मोठा देह. त्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच. चोर तरीही आत शिरला, तर शिकवलेला रॉटवायलर त्याला भिडेल. नुसता भुंकणारा भिडेल किंवा मागे सरेल. शिकवलेल्या कुत्र्याची खरी जमेची बाजू ही एवढीच, आणि एकटं घर असेल तर ती लहान नाही. विष घातलेलं मांस टाकण्याचा धोका मात्र दोघांनाही आहे. परक्याच्या हातचं किंवा जमिनीवर पडलेलं न खाण्याची सवय कुठल्याही राखणीच्या कुत्र्याला लावावी.

घरातली माणसं: रॉटवायलरचा नर 50 किलोच्या आसपास भरतो. सासूबाईंनी त्याला पट्ट्याने धरून ठेवणं शक्य नाही. अल्सेशियनही हलका नसतो, पण पिल्लापासून वाढलेला कुत्रा घरातल्या प्रत्येकाचा आवाज शिकू शकतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे जे बघतं, म्हणजे मुलं, म्हातारी माणसं, छत्र्या, सायकली, ते त्याला पुढे आपलं वाटतं. दीड वर्षाच्या कुत्र्याचे हे आठवडे कसे गेले, ते विकणारा सांगेल तेवढंच आपल्याला कळणार.

सराव: अंगावर जायला शिकलेल्या कुत्र्याचा 'सोड' आयुष्यभर घासूनपुसून ठेवावा लागतो, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली. नवरा पंधरा दिवस बाहेर असताना ते कोण करणार?

जात: 2024 च्या मार्चमध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी आणायला राज्यांना कळवलं. त्यात रॉटवायलर होता, अल्सेशियन आणि डोबरमन नव्हते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. अशा यादीवरून समोरचा कुत्रा कसा आहे हे ठरवू नये. जबडा मोठा असेल तर एकच चूक जास्त महागात पडते, एवढं लक्षात ठेवावं.

साखळीचं मात्र सगळ्या जातींना लागू आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना झाली होती. 1994 मध्ये ती प्रसिद्ध झाली. चावणाऱ्यांमध्ये साखळीला बांधलेले कुत्रे ठळकपणे जास्त निघाले. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरायला जागा नसते, म्हणून तो पुढे येतो. राजाचं तेच झालं.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण विसरून जा. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. मार खाऊन तो सूचना देणं थांबवतो, चावणं नाही.

गावठी कुत्रंही उत्तम राखण करतं. आवाज खणखणीत, आजारपणं कमी. पण जुन्नर, आंबेगाव पट्ट्यात बिबट्या कुत्री उचलतो, तेव्हा जात कोणतीही असो, रात्री कुत्रा बाहेर बांधून ठेवू नये. कॅमेरा आणि फाटकावरचा दिवा लावाच, तो कुत्र्याला पर्याय म्हणून नव्हे.

चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं. आणि हलगर्जीपणा सिद्ध झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरीही कोणाला तयार कुत्राच घ्यायचा असेल, तर ट्रेनरला कुत्रा तुमच्या घरी आणायला सांगा. ट्रेनरने दाराबाहेर थांबायचं, आणि 'थांब', 'इकडे ये' हे शब्द घरातल्या सर्वांत अशक्त माणसाने द्यायचे. बाहीवर पकड घेतल्यावर तो पहिल्याच शब्दाला सोडतो का ते त्याच्या मैदानावर पाहा. आणि 'हा कधी चावेल?' असं विचारा. चांगला ट्रेनर त्याचं सविस्तर उत्तर देतो.

बहिणीने पिल्लू घेतलं. आता ते 14 महिन्यांचं आहे, रात्री घरात झोपतं, फाटक वाजलं की सगळं घर जागं करतं. फाटकाच्या आत तिने दुसरं लहान फाटक बसवलं आहे, त्यामुळे आलेल्या माणसाची आणि कुत्र्याची गाठच पडत नाही. आणि मीटर बाहेरच्या भिंतीवर हलवून घेतला.