ट्रॅव्हलरमध्ये घरचा फ्रिज : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

टेम्पो ट्रॅव्हलरचं मोटरहोम करून घेताना आम्ही १२ व्होल्टचा गाडीचा फ्रिज न घेता साधा १९० लिटरचा, एका दाराचा घरगुती फ्रिज बसवला. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर सांगतो, फ्रिज झकास चालतो. पैसे ओतायचे ते त्याच्यामागच्या विजेवर.

घरी असा फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट खातो. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की हाच आकडा युनिटच्या आसपास जातो. वर इन्व्हर्टर स्वतः काही न चालवता १५ वॅट घेत राहतो, म्हणजे चोवीस तासांत ३६० वॅट-तास. म्हणून उगाच मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. फ्रिज चालताना जेमतेम १०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. १००० ते १५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा इन्व्हर्टर पुरे. तुटक, चौकोनी लहर देणाऱ्या स्क्वेअर वेव्हवर मोटर घुमते आणि तापते.

बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे अडीच युनिट. गाडी न हलवता पावणेदोन दिवस आरामात निघतात. गाडी बांधणाऱ्याने बॅटरी ते इन्व्हर्टर वायर बारीक टाकली होती. रात्री कॉम्प्रेसर सुरू झाला की इन्व्हर्टर लो-व्होल्टेजची शिट्टी मारायचा. जाड, आखूड केबल टाकली, बॅटरीजवळच फ्यूज बसवला आणि तो त्रास कायमचा गेला.

छतावर ४०० वॅटचं सोलर आहे. उन्हाळ्यात ते एकटं फ्रिज सांभाळतं, पण आषाढात कोकणात त्याच्या भरवशावर राहू नये. तिथे खरा आधार ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरचा, म्हणजे गाडी चालू असताना इंजिनच्या विजेवर ही बॅटरी भरणाऱ्या चार्जरचा. पुण्याहून आंबा घाटातून गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत बॅटरी जवळजवळ भरलेली असते. अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) लिथियम बॅटरी थेट जोडू नका. अल्टरनेटर तापतो, आणि बऱ्याच बीएस-६ गाड्यांत व्होल्टेजही कमी-जास्त होत राहतं.

आता हवा, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आमच्या फ्रिजला मागे जाळी नाही, कॉइल बाजूच्या पत्र्यांत आहे. दुपारी हात लावून बघा, पत्रा चांगलाच गरम लागतो. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जागा, प्लायवूडला खाली-वर झरोके आणि वरच्या झरोक्यात कॉम्प्युटरचा छोटा पंखा. पंखा बंद ठेवला की कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही.

घाटातल्या वळणांवर नुसत्या चुंबकाच्या रबराने दार टिकत नाही, बाहेरून कडी हवीच. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजसारखी गाडी लेव्हलला लावायची कटकट मात्र नाही.

चौघांच्या घरासाठी, दूध-भाजी-सुरमई सगळं सोबत ठेवून आठवडाभर फिरणाऱ्यांसाठी मी हाच फ्रिज सुचवेन. दोघंच शनिवार-रविवार जाणार असाल तर ४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा घ्या. इन्व्हर्टर लागणार नाही आणि बॅटरीही निम्म्यात भागेल.