ब्राउझरचं एक्स्टेन्शन कशावर बांधायचं: स्वतःचं व्हीट, प्लास्मो की डब्ल्यूएक्सटी?

मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शनच्या माहिती-फाइलची आणि नियमांची तिसरी आवृत्ती) पचवून झालंय, रिकामा बसलेला सर्व्हिस वर्कर, म्हणजे पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट, ३० सेकंदांत झोपतो हेही अंगवळणी पडलंय, पण नव्या प्रोजेक्टची पहिली कमांड कोणती द्यायची इथे घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. व्हीट हे वेबचा कोड बांधून देणारं बिल्ड टूल, तर प्लास्मो आणि डब्ल्यूएक्सटी ही खास एक्स्टेन्शनसाठीची फ्रेमवर्क. मी हे सगळे पर्याय कमी-जास्त वापरलेत. कोणता किती सेकंदांत बिल्ड होतो हे मोजलेलं नाही. मला तरी त्यात जाणवण्याइतका फरक पडला नाही.

सुरुवात केली ती स्वतःच्या व्हीट कॉन्फिगवर. पॉपअप आणि ऑप्शन्स ही शेवटी साधी एचटीएमएल पानं, त्यामुळे तिथे काहीच अडत नाही. अडतं ते कॉन्टेन्ट स्क्रिप्टपाशी, म्हणजे दुसऱ्याच्या पानात जाऊन चालणाऱ्या स्क्रिप्टपाशी. मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेली कॉन्टेन्ट स्क्रिप्ट क्रोममध्ये ईएस मोड्यूल (इम्पोर्टने जोडलेल्या वेगवेगळ्या फाइली) म्हणून चालत नाही, ती एकाच फाइलमध्ये बांधून द्यावी लागते. म्हणजे तिच्यासाठी वेगळं बिल्ड. फायरफॉक्स हवं असेल तर बॅकग्राउंडची नोंद वेगळी, कारण तिथे व्ही३ मध्येही सर्व्हिस वर्कर नाही, बॅकग्राउंड स्क्रिप्ट्स लागतात. म्हणून मॅनिफेस्ट जुळवणारी एक छोटी स्क्रिप्ट. दिवसभरात हे सगळं उभं राहतं आणि सगळं आपल्या हातातलं असतं, हे समाधान काही कमी नाही.

हाच मार्ग कमी कष्टात हवा असेल तर सीआरएक्सजेएस बघा. ते व्हीटचं प्लगइन आहे. मॅनिफेस्ट वाचून कोणत्या फाइली बांधायच्या ते स्वतः ठरवतं आणि तुमच्या फोल्डरांच्या रचनेत फारसं नाक खुपसत नाही. कॉन्टेन्ट स्क्रिप्टमधला बदल पानावर लगेच दिसतो, ही त्याची खरी मजा.

प्लास्मोचा स्वभाव वेगळा. रिॲक्ट या यूआय लायब्ररीत हात बसलेला असेल तर पहिल्या तासाभरात इतकं पुढे क्वचितच कुठे जाता येईल. ठरलेल्या फोल्डरात कंपोनन्टची फाइल ठेवली की ती पानावर शॅडो डॉममध्ये (पानाच्या स्टाइलपासून वेगळ्या कप्प्यात) जाऊन बसते. मात्र खाली पार्सल हे बिल्ड टूल आहे, व्हीट नाही. तुमची व्हीटची प्लगइनं आधीच ठरलेली असतील तर ती इथे उपयोगाची नाहीत. माझी ठरलेली होती.

आता माझा निर्णय ज्या कटकटीने झाला ती सांगतो. माझं एक्स्टेन्शन लेखाच्या मथळ्याशेजारी एक छोटं बटण लावतं. बटण दाबलं की निवडलेला मजकूर टिपणांत जातो. हे माझ्या हातच्या व्हीट रचनेवर होतं. एक्स्टेन्शन रीलोड केलं, पान तसंच उघडं ठेवून स्क्रिप्ट पुन्हा घातली, तर मथळ्याशेजारी दोन बटणं. जुनं दाबलं की कन्सोलमध्ये लालभडक ओळ: ‘एक्स्टेन्शन कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिडेटेड’. मी म्हटलं, हे डेव्हलपमेंटपुरतंच असणार, आणि सोडून दिलं. तिथेच चुकलो. क्रोम एक्स्टेन्शन अपडेट करतं तेव्हा वापरणाऱ्याच्या उघड्या टॅबांत जुनी स्क्रिप्ट तशीच राहते. तिचे टायमर चालू, पानातले बदल टिपणारे ऑब्झर्व्हर चालू, बटण जागच्या जागी, फक्त एक्स्टेन्शनशी जोडणारा धागा तुटलेला. दर अपडेटनंतर ‘बटण मेलंय’ अशी तक्रार यायची आणि मी ‘पान रीफ्रेश करून बघा’ असं उत्तर पाठवायचो. आठ-दहा वेळा तेच उत्तर पाठवल्यावर माझी मलाच लाज वाटायला लागली.

डब्ल्यूएक्सटीत कॉन्टेन्ट स्क्रिप्टच्या मुख्य फंक्शनला एक कॉन्टेक्स्ट मिळतो, म्हणजे स्क्रिप्टचा एक्स्टेन्शनशी धागा शाबूत आहे का ते बघणारा ऑब्जेक्ट. टायमर आणि लिसनर त्याच्यामार्फत लावले की स्क्रिप्ट अनाथ झाल्याचं त्याच्या लक्षात येताच ते आपोआप सुटतात. शॅडो रूटचं यूआय त्याच्याच मदतीने बसवलं तर तेही पानावरून उतरतं. म्युटेशन ऑब्झर्व्हर मात्र तुम्हालाच बंद करावा लागतो, पण त्यासाठी ‘ऑन इनव्हॅलिडेटेड’मध्ये एक ओळ पुरते. हे सगळं हाताने लिहिता येत नाही असं अजिबात नाही. मी लिहिलंही होतं, साठेक ओळी. फक्त दर नव्या एक्स्टेन्शनमध्ये त्या उचलून आणताना एखादी ओळ राहून जायची.

डब्ल्यूएक्सटीतही खोड्या आहेत. ऑटो-इम्पोर्टमुळे एखादं फंक्शन आलं कुठून ते कळत नाही. मी तर ते सेटिंगमधून बंदच केलंय. आणि बिल्डच्या वेळी तुमची एन्ट्रीपॉइंटची फाइल ब्राउझरऐवजी नोडमध्ये चालवली जाते, त्यामुळे मुख्य फंक्शनच्या बाहेर ब्राउझरची एपीआय वापरली की बिल्ड कोसळतं. पहिल्या दिवशी यात अर्धा तास जातोच.

फायरफॉक्सच्या स्टोअरवर बंडल केलेल्या कोडसोबत मूळ सोर्सही द्यावा लागतो. डब्ल्यूएक्सटी फायरफॉक्ससाठी झिप करतानाच सोर्सचीही वेगळी झिप बनवून ठेवतं. एवढ्यासाठी कुणी फ्रेमवर्क बदलू नये, पण आहे ते बरं आहे.

तेव्हा, माझ्या मते, एक्स्टेन्शन दुसऱ्याच्या पानात जाऊन ठाण मांडणार असेल तर आधी डब्ल्यूएक्सटी करून बघा. सगळं रिॲक्टमध्येच असेल आणि व्हीटशी देणंघेणं नसेल तर प्लास्मोत तुम्ही माझ्यापेक्षा सुखी राहाल. नुसतं पॉपअप असलेलं माझं एक जुनं एक्स्टेन्शन अजून त्याच हातच्या व्हीट कॉन्फिगवर आहे. त्याला कॉन्टेन्ट स्क्रिप्टच नाही, त्यामुळे ते हलवायचा विचारही मनात आलेला नाही.