मोजमापाची पारख: गेज आर अँड आर, की एकाच नगाचा चार्ट?

मोजायची पद्धत भरवशाची आहे की नाही हे तपासायचं झालं, की बहुतेकांसमोर दोन पर्याय असतात. पहिला नेहमीचा गेज आर अँड आर (रिपीटेबिलिटी अँड रिप्रॉड्युसिबिलिटी, म्हणजे तोच माणूस पुन्हा मोजताना आणि माणूस बदलल्यावर रीडिंग किती हलतं याचा अभ्यास): दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाची दोन-तीन रीडिंग आणि शेवटी टक्केवारीत निकाल. दुसरा त्याहून साधा. एक नग बाजूला काढून ठेवायचा, तोच रोज मोजायचा आणि रीडिंग चार्टवर मांडत जायचं. मी दोन्ही वापरतो. मात्र त्यातलं एकच ठेवायचं झालं, तर काय ठेवीन याबद्दल माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. तुमचे नग आणि तुमची उपकरणं वेगळी असतील, तेव्हा ते तुमच्या कामाशी ताडून पाहा.

आर अँड आरची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. काम एका दुपारी उरकतं. तीन ऑपरेटर, दहा नग आणि तीन फेऱ्या धरल्या तर नव्वद रीडिंग हातात येतात. त्यातून उपकरणाचा चढउतार किती आणि माणसामाणसांतला फरक किती, हे वेगळं करता येतं. एखादा ऑपरेटर बाकीच्यांपेक्षा सतत जास्त वाचत असेल, तर तो लगेच उघडा पडतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या हाताचा नसतो. मायक्रोमीटरचा रॅचेट (दाब सारखा ठेवणारा खटका) न वापरता थिंबलनेच, म्हणजे फिरत्या नळीनेच, दाब देण्याची सवय असते किंवा बोअर गेज (छिद्राचा व्यास मोजणारं उपकरण) डोलवून सर्वांत लहान वाचन पकडायचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं. हे एका दिवसात कळणं फार मोलाचं आहे. शिवाय ग्राहक हाच अभ्यास मागतो. वाहन उद्योगात एआयएजी या अमेरिकी उद्योग-संघटनेची मापन-पुस्तिका 1990 साली आली, चौथी आवृत्ती 2010 ची, आणि फाइलमध्ये त्याच नमुन्याचा तक्ता लागतो. हे टाळून चालत नाही.

मग अडतं कुठे? माझं अडलं त्या टक्केवारीपाशी.

एक उदाहरण घेऊ. समजा, उपकरणाची सिग्मा (रीडिंग किती पसरतात ते सांगणारं प्रमाण विचलन) 5 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश, आहे आणि नगानगांतल्या फरकाची सिग्मा 12 मायक्रॉन. एकूण सिग्मा 17 येत नाही, 13 येते, कारण सिग्मा थेट बेरजेत जात नाहीत, त्यांचे वर्ग जातात: 25 अधिक 144 म्हणजे 169. इथपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. पण तक्ता भरताना आपण 5 ला 13 ने भागतो आणि गेजचा वाटा 38.5 टक्के लिहितो. त्याच न्यायाने नगांचा वाटा 92.3 टक्के होतो. दोन्हींची बेरीज 130.8. एका पूर्णाचे दोन भाग आणि त्यांची बेरीज एकशे तीस! हा गणिताचा बारीक मुद्दा नाही, कारण पुढचा निर्णय याच आकड्यावर उभा असतो. 10 च्या खाली उत्तम, 30 पर्यंत चालवून घ्या, 30 च्या वर नापास. म्हणजे आपलं उपकरण नापास झालं.

आता तेच आकडे वर्गांतून मांडा. 25 भागिले 169 म्हणजे 14.8 टक्के, 144 भागिले 169 म्हणजे 85.2 टक्के. बेरीज बरोबर 100. एकूण चढउतारातला 85 टक्के भाग नगांचा आहे, गेजचा सुमारे 15 टक्के. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड व्हीलर यांनी मांडलेल्या श्रेणींत हा 0.85 चा आकडा 0.8 च्या वर असल्यामुळे हेच उपकरण पहिल्या श्रेणीत बसतं. प्रत्यक्षात त्याने नुकसान किती होतं? प्रक्रियेच्या चार्टच्या मर्यादा (नेहमीचा चढउतार ज्यांच्या आत राहतो त्या रेषा) 12 ऐवजी 13 मायक्रॉनच्या सिग्मावरून काढल्या जातात, म्हणजे सुमारे 8 टक्के रुंद होतात. यंत्रात खरा बदल झाला तर तो अशा चार्टवर दिसेलच. आणि तक्ता सांगतो की गेज बदला.

तुम्ही म्हणाल, वर्ग करून घ्या म्हणजे झालं. मीही ते करतो, पुस्तिकेच्या तक्त्यातही व्हेरियन्सचा, म्हणजे सिग्माच्या वर्गाचा, पर्याय आहे. पण टक्केवारीची खरी अडचण त्याने सुटत नाही, कारण ती छेदात आहे. अभ्यासासाठी दहा नग कोण निवडतं? समजा, कोणी मुद्दाम लांबलांबचे नग काढले, सगळ्यांत लहान, सगळ्यांत मोठे, एक-दोन रिजेक्शनच्या पेटीतले. नगांची सिग्मा 12 ऐवजी 24 झाली. आता 5 ला 24.5 ने भागायचं, उत्तर 20.4. गेज तोच, हात तेच, पट्टी तीच, आणि निकाल नापासवरून थेट पास. उलट, सकाळच्या पाळीत लागोपाठ निघालेले दहा नग घेतले, तर उत्तम गेजही नापास होतो. नग प्रक्रियेचा पूर्ण पल्ला दाखवणारे असावेत असं पुस्तिका सांगते, पण ऑडिट जवळ आल्यावर जे हाताशी असतात तेच उचलले जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. प्रश्न विचारायचा उपकरणाला आणि उत्तर द्यायचं नगांनी, ही गोष्ट मला सतत खटकत राहिली. माझं पारडं फिरलं ते यावरच.

एकाच नगाच्या चार्टमध्ये हा छेद नसतो. नग एकच आहे, तेव्हा जे काही हलतं ते मोजण्यातलंच. उत्तर मायक्रॉनमध्ये मिळतं आणि ते ऑपरेटरलाही लगेच समजतं.

कृती थोडक्यात अशी. रोज एक रीडिंग, लागोपाठच्या दोन रीडिंगांतला फरक काढायचा आणि त्या फरकांची सरासरी घ्यायची. ती 5.6 मायक्रॉन आली, तर 1.128 ने भागून सिग्मा सुमारे 5. चार्टच्या मर्यादा सरासरीपासून दोन्हीकडे त्या फरकाच्या 2.66 पट, म्हणजे इथे जवळजवळ 15 मायक्रॉन. सिग्माला 0.675 ने गुणलं की 3.4 मायक्रॉन येतात. याचा अर्थ असा की या उपकरणावरची निम्मी रीडिंग सरासरीच्या अलीकडे-पलीकडे 3.4 मायक्रॉनच्या आत पडतील आणि निम्मी बाहेर. हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवला, तरी 3 मायक्रॉनच्या फरकासाठी यंत्राचा ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) हलवण्याची घाई बरीच कमी होते. माझ्या अनुभवात आर अँड आरच्या कुठल्याही टक्केवारीने हे साधलेलं नाही.

लीस्ट काउंटचंही, म्हणजे उपकरण वाचू शकतं त्या सर्वांत लहान मापाचंही, इथेच कळतं. लागोपाठच्या फरकांत फक्त 0, 1 आणि 2 एवढेच आकडे फिरत असतील, तर मोजपट्टीचे भाग फार मोठे आहेत. खरा चढउतार गोल आकड्यांखाली दबला आहे, आणि त्या चार्टवरून काढलेल्या सिग्मावर विसंबू नये.

पण चार्टचा सगळ्यांत मोठा फायदा मला वाटतो तो काळाचा. आर अँड आर एका दुपारचा असतो. त्या दुपारी सगळे लक्ष देऊन मोजतात, नग पुसलेले असतात, गेजचं शून्य नुकतंच लावलेलं असतं, खोलीचं तापमान एकच असतं. रोजचं मोजणं तसं नसतं. लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पोलाद मात्र एका अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. यंत्रातून नुकताच निघालेला 100 मिलिमीटरचा नग गेजपेक्षा 5 अंशांनी गरम असेल, तर जवळजवळ 6 मायक्रॉन तिथेच गेले. ते आपल्या उदाहरणातल्या पूर्ण सिग्मापेक्षाही जास्त आहेत. बाजूला ठेवलेल्या नगाचंही तसंच. तो खिडकीपाशी आणि गेज कपाटात असेल, किंवा गेज तासभर हातात राहून तापलेला असेल, तर सकाळची रीडिंग एका बाजूला आणि दुपारची दुसऱ्या बाजूला पडू लागतात. स्पिंडल झिजला, बॅटरी उतरली, अॅन्व्हिलवर (नग टेकतो त्या पृष्ठभागावर) चिकटा बसला, तर तेही चार्टवर हळूहळू सरकताना दिसतं. कॅलिब्रेशनची तारीख येईपर्यंत थांबावं लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट, म्हणजे असा मर्यादांचा चार्ट, 1924 साली मांडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत एनबी 10 नावाचं 10 ग्रॅमचं एक वजन वर्षानुवर्षं आठवड्याला एकदा तोललं जाई. ते 10 ग्रॅमपेक्षा सुमारे 405 मायक्रोग्रॅम कमी भरे, आणि इतकी काळजी घेऊनही रीडिंग 6 मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या सिग्माने वरखाली होत, मधूनच एखादं फार लांब पडे. त्याच संस्थेतल्या चर्चिल आयझेनहार्ट यांनी 1963 साली लिहिलं की मापनाची क्रिया सांख्यिकी नियंत्रणात (चढउतार चार्टच्या मर्यादांत राहतो अशा स्थितीत) येईपर्यंत ती काही मोजते आहे असं तर्काने म्हणताच येत नाही. मला हे विधान शब्दशः पटतं. नियंत्रणाचा हा प्रश्न आर अँड आर विचारतच नाही असं नाही, त्यातही रेंज चार्ट (एकाच नगाच्या रीडिंगांतलं अंतर दाखवणारा) असतो. पण तो एका दुपारपुरता.

आता चार्टच्या उणिवा. त्या मी लपवणार नाही, कारण तुमच्या बाबतीत त्याच निर्णायक ठरू शकतात. एक नग म्हणजे एकच माप. पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला गेज कसा वागतो हे त्यातून कळत नाही. दोन नग ठेवावेत, एक लहान आणि एक मोठा. माणसांतला फरक आपोआप सुटा होत नाही, त्यासाठी ठिपक्याजवळ ऑपरेटरची खूण करावी लागते. आणि वेळ लागतो. भरवशाचा अंदाज यायला पंचवीस-तीस दिवस तरी द्यावेत. ज्यांना येत्या आठवड्यात कागद हवा आहे त्यांना हा सल्ला कामाचा नाही. मोजताना नग मोडतच असेल, ताणचाचणीसारखा, तर तोच नग दुसऱ्यांदा मोजता येत नाही. मग एकाच लॉटमधले जुळे तुकडे वापरावे लागतात आणि तुकड्यांमधला फरकही सिग्मात मिसळतो.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र आठवणीची आहे. आठवड्याभरात सगळ्यांना त्या नगाचा आकडा पाठ होतो, आणि काटा जरा इकडेतिकडे असला तरी वहीत पाठ असलेलाच आकडा पडतो. कोणी मुद्दाम करत नाही, डोळा तसा वळतो. त्यामुळे चार्ट संशय यावा इतका शांत दिसू लागतो. उपाय असा: तो नग रोजच्या नमुन्यात मिसळून द्यायचा, खूण अशा जागी ठेवायची की मोजणाऱ्याला दिसणार नाही. डिजिटल गेजमधून रीडिंग थेट संगणकात जात असेल, तर निम्मी चिंता मिटते.

प्रश्न दोन पद्धतींच्या तुलनेचा असेल, म्हणजे जुना गेज काढून नवा आणायचा आहे किंवा हाताने मोजायचं ते कॅमेऱ्याने मोजायचं आहे, तर दोन्हींपैकी एकही पुरेसा नाही. तिथे लोक सहसंबंध (दोन मापं बरोबरीने वरखाली होतात का ते सांगणारा, जास्तीत जास्त 1 येणारा आकडा) काढतात आणि 0.94 आला की खूश होतात. एक पद्धत दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट वाचत असेल, तरीही सहसंबंध 1 च येतो हे विसरू नये. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 1986 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात श्वासाचा वेग मोजणाऱ्या दोन मीटरांचं उदाहरण दिलं होतं, 17 माणसांचं. सहसंबंध 0.94 होता. पण जोडीजोडीने फरक काढल्यावर दिसलं की एक मीटर दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे 80 लिटरनी कमी किंवा 76 लिटरनी जास्त दाखवू शकतो. तेव्हा फरक काढा, फरकांची सरासरी आणि सिग्मा पाहा, आणि फरक मापाच्या आकाराबरोबर वाढतो का ते आलेखावर बघा. हे करण्याआधी दोन्ही उपकरणांचे स्वतंत्र चार्ट असतील, तर फरकात कोणाचा किती हात आहे हेही सांगता येतं. मला चार्ट जवळचा वाटतो त्याचं हेही एक कारण.

तेव्हा ऑपरेटर नवे आहेत, गेज नुकताच आला आहे किंवा ग्राहकाची तारीख डोक्यावर आहे, अशा वेळी आर अँड आर करा. पण निकाल लिहिताना उपकरणाची सिग्मा मायक्रॉनमध्ये वेगळी लिहा आणि दहा नग कसे निवडले तेही नोंदवा. गेज वर्षानुवर्षं वापरायचा असेल आणि त्याच्या रीडिंगवर कोणी यंत्र हलवणार असेल, तर त्याच दिवशी त्या दहांतला एक नग उचलून तेल लावून डबीत ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागा. महिन्याभराने चार्टवरची सिग्मा आर अँड आरमधल्या सिग्माशेजारी मांडून पाहा. मी जिथे जिथे पाहिली, तिथे बहुतेक वेळा चार्टवरची मोठी निघाली आणि मशीनवरचे निर्णय मी तिच्यावरच घेत आलो.