अंपायर-स्कोअरर सेवा: शनिवारची जोडी पैसे वसूल, रविवारची नको

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या सीझन बॉल स्पर्धेला यंदा घरचे अंपायर बंद केले आणि एका संस्थेकडून दोन अंपायर, एक स्कोअरर असं पॅकेज घेतलं. तक्रारही आहे म्हणून नाव लिहीत नाही. वेळेवर आले, बेल्ससुद्धा स्वतःच्या. स्कोअरर पोरगा झकास, बाय आणि लेगबायचा घोळ एकदाही नाही.

शनिवारी सेमीफायनलला आमच्या ऑफस्पिनरला फ्लिक मारताना शॉर्ट मिडविकेटला अगदी गवतालगत कॅच. फॉलोथ्रूमध्ये बॉलर नेमका अंपायरच्या आडवा आलेला. आम्ही सगळे बोंबलतोय, बॅट्समन जागचा हलेना. अंपायरने ना बोट वर केलं, ना मान हलवली. सरळ लेग अंपायरकडे चालत गेला, आमच्याकडे पाठ करून दोघं जेमतेम दोन वाक्यं बोलले, आणि परत येऊन नॉट आउट. मी कॅप्टन, माझं डोकं सणकलंच. पण पद्धत बिनचूक होती. नियम ३१.६ हेच सांगतो: सहकाऱ्याला जास्त नीट दिसलं असेल तर त्याला विचारा, मग निर्णय द्या, आणि तरीही शंका उरली तर नॉट आउट. आमच्या पोरांना अजून वाटतं, आधी आउटची खूण करायची, मग विचारायचं. अरे, ती टीव्ही अंपायरकडे जाण्याआधी मैदानावरच्या अंपायरने खूण द्यायची सॉफ्ट सिग्नलची भानगड आयसीसीने २०२३ मध्येच बंद केली!

रविवारच्या मेन अंपायरचं सगळंच उलटं. कीपरने टप्प्यावर घेतलेला बॉल थेट आउट. बॅट्समन लेग अंपायरकडे हात करून "त्यांना विचारा ना सर" म्हणतोय, तर हे "मी बघितलंय!" पुढे एलबीडब्ल्यू दिला, त्यावर समोरच्या टीमने गिल्ला केला, तेव्हा मात्र साहेब विचारायला निघाले. लेगला उभ्या माणसाला लाइन काय दिसणार, कपाळ? दिलेला निर्णय बदलायला नियमाची आडकाठी नाही, पण तो लगेच बदलायचा असतो. इथे पाणी पिऊन झाल्यावर बॅट्समनला परत बोलावलं.

त्यातल्या त्यात लेग अंपायर खमका. स्टंपिंगचं अपील त्याच्याच अखत्यारीतलं, कोणाकडे न बघता बोट वर.

बुकिंग करणार असाल तर जोडी कोणती येणार ते आधीच ठरवून घ्या. आम्ही फक्त तारखा ठरवल्या होत्या. पाचपैकी साडेतीन, त्यातला अर्धा स्कोअररचा.