शेतकऱ्याचं ज्ञान: नोंदवायचं, शेतावर तपासायचं की सल्ला मोबाइलवर पाठवायचा?

'डिजिटल शेती'वर काहीतरी करायचं एवढंच ठरवून विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आणि छोट्या संस्थांसमोर साधारण तीन वाटा असतात. शेतकऱ्यांनी स्वतः शोधलेल्या गोष्टींची नोंद करणं, त्यांच्या सोबतीनं शेतावर प्रयोग करणं किंवा मोबाइलवरून सल्ला देणं. निवड करताना लोक आधी पैसा आणि मुदत बघतात. मी आधी हे विचारेन की हातात घेतलेल्या अडचणीचं उत्तर आज आहे कोणाकडे? शेतकऱ्यांकडे असेल तर नोंदणी करा, संशोधन केंद्राच्या कपाटात पडून असेल तर मोबाइल आणि कोणाकडेच नसेल तर प्रयोग. हे न बघता सुरुवात केली की शेवटी एक देखणं ॲप उरतं आणि ते उघडणारं कोणी नसतं.

नोंदणी स्वस्त दिसते, कारण वही, फोन आणि गावात ऊठबस एवढ्यावर ती सुरू होते. प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी सुरू केलेलं हनी बी नेटवर्क हे जाळं तीन दशकांहून जास्त काळ हेच करत आलं आहे. 'सृष्टी' ही संस्था (१९९३) आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान (२०००) त्याच कामातून उभी राहिली. ज्याचं ज्ञान त्याचं नाव लिहायचं आणि गोळा केलेलं परत त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत न्यायचं, हा त्यांचा दंडक. तो का लागतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहिलं की कळतं. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून, हंगामामागून हंगाम निवड करत त्यांनी एचएमटी हे वाण तयार केलं. वाण दूरवर पसरलं, दादाजींचं नाव मात्र मागून आलं. तेव्हा संमती, श्रेय आणि माहितीचं पुढे काय होणार, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ वाणापुरता आधार देतो. मशागतीची युक्ती किंवा किडीवरचा काढा त्यात बसत नाही. असं काही एकदा खुल्या डेटाबेसमध्ये गेलं की मागे घेता येत नाही. शिवाय नोंद म्हणजे पुरावा नव्हे. काढ्यानं कीड गेली की पावसानं, हे वहीतून कळत नाही.

मोबाइल सल्ल्याबद्दल सर्वात जास्त उत्साह असतो, म्हणून आकडे सांगतो. फाब्रेगास, क्रेमर आणि शिलबाख यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भारत आणि आफ्रिकेतले अभ्यास एकत्र करून पाहिले. उत्पादनात ४ टक्के वाढ दिसली आणि शिफारस केलेल्या निविष्ठा (खतांसारख्या शेतीला लागणाऱ्या वस्तू) वापरण्याचं शक्यता-गुणोत्तर, म्हणजे वापरण्याच्या आणि न वापरण्याच्या शक्यतेचं प्रमाण, २२ टक्क्यांनी वाढलं. एक संदेश पाठवायला जवळपास काहीच लागत नाही, त्यामुळे लाखो शेतकऱ्यांपर्यंत जाणाऱ्या यंत्रणेला ४ टक्केही पुष्कळ. पण तुमच्याकडे तीनशे शेतकरी असतील तर एका पावसाच्या फरकात हे ४ टक्के बुडून जातील. परिणाम झाला असला तरी तो तुम्हाला दाखवता येणार नाही. प्रबंध लिहिणाऱ्यानं हे आधीच ध्यानात घ्यावं.

पानाच्या फोटोवरून रोग ओळखणाऱ्या एआयचं तर आणखी जपून. मोहंती, ह्यूज आणि सलाते यांनी २०१६ मध्ये ५४,३०६ फोटोंवर मॉडेल शिकवलं. त्याच संग्रहातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के आली आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ३१.४ टक्के. दोन्ही आकडे लेखकांनी एकाच निबंधात प्रामाणिकपणे दिले आहेत, सादरीकरणांत मात्र पहिलाच फिरतो! या वाटेनं जायचंच असेल तर शेतकऱ्याला उलट विचारता येईल अशी सोय हवी. गुजरातमध्ये 'आवाज ओटलो' या फोनसेवेवर शेतकरी आपला प्रश्न आवाजात नोंदवत. नुसत्या संदेशांपेक्षा मला ते जास्त पटतं, कारण लोकांना काय छळतंय याची नोंद आपोआप होत जाते.

राहिला प्रयोग. शेतीशाळा १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्तानं सुरू झाल्या. शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमून किडी आणि मित्रकीटक मोजत. शिकणाऱ्याला त्यातून बरंच मिळतं, पण खर्च मोठा. फेडर, मुरगई आणि क्विझोन यांच्या २००४ च्या अभ्यासात उत्पादनावर किंवा कीटकनाशकांच्या वापरावर ठळक परिणाम आढळला नव्हता.

माझी पसंती 'ट्रायकॉट' पद्धतीला. प्रत्येक शेतकऱ्याला तीन वाणांच्या पुड्या, नावाऐवजी खुणा. कोणतं सर्वात चांगलं, कोणतं सर्वात वाईट, एवढंच त्यानं सांगायचं. उत्तर साध्या फोनवरूनही घेता येतं. जेकब व्हॅन एटन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निकाराग्वा, इथिओपिया आणि भारतातल्या १२,४०९ प्रयोग-तुकड्यांची माहिती अशीच एकत्र करून कोणतं वाण कुठल्या हवामानात टिकतं ते काढलं. इथे डिजिटल साधन शेतकऱ्याचा निवाडा गोळा करतं, त्याला शिकवायला जात नाही. उणीव एवढीच की पुड्यांत काय घालायचं ते संशोधकच ठरवतो. म्हणून तिनांतलं एक बियाणं गावातल्याच कोणाचं तरी ठेवा. पाणीवाटप किंवा पीक फेरपालट अशा गुंतलेल्या प्रश्नांना मात्र ही पद्धत पुरत नाही.

दोन वर्षं आणि बेताचा निधी असेल तर ट्रायकॉट घ्या. गावात कायम राहणारी संस्था असेल तर नोंदणी. मोबाइल सल्ला, आधीच मोठं जाळं असलेल्यांनी. ट्रायकॉटसाठी बियाणं पेरणीच्या आधी हातात पडायला हवं. मंजुरी येईपर्यंत हंगाम उलटला तर त्या वर्षी नोंदणीच करा. पुढच्या वर्षी पुड्यांत काय घालायचं, ते त्या वहीतच मिळेल.