लेन्सवरचा थर आणि क्लिअर केअर: आठ महिन्यांनंतर

माझा नंबर उणे ६.५, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सशिवाय घरातसुद्धा चाचपडत चालायचं. महिनाभर वापरायच्या सिलिकॉन हायड्रोजेल (सिलिकॉन असलेल्या मऊ) लेन्स तिसऱ्या आठवड्यातच धुरकट व्हायच्या. संध्याकाळी गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची आणि पापणी मिटली की लेन्स चिकटून ओढल्यासारखी वाटायची. लेन्स बुडवून ठेवायचं सोल्युशन मी रोज ताजं भरायचे, लेन्स बोटाने चोळायचे, तरी तेच.

इथे न्यू जर्सीत माझ्या ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे डोळे तपासून नंबर काढून देणाऱ्या बाईंनी, लेन्सचा मोठा करून काढलेला फोटो दाखवला. रश्शावर तेलाचे थेंब तरंगावेत तसे चकाकते ठिपके! अश्रूंमध्ये लायसोझाइमसारखी प्रथिनंही असतात आणि स्निग्ध पदार्थही. जास्त पाणी धरणाऱ्या काही जुन्या लेन्सवर प्रथिनं जास्त बसतात, सिलिकॉनच्या लेन्सवर स्निग्ध थर. तो साचत गेला तर वरच्या पापणीच्या आत गाठी येऊ शकतात, हे ऐकून मात्र मी धसकाच घेतला.

तिच्याच सांगण्यावरून क्लिअर केअर हे लेन्स साफ करायचं सोल्युशन घेतलं. यात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. लेन्स जाळीच्या टोपल्यांत ठेवून आधी त्याच सोल्युशनने धुवायच्या, मग उभ्या डबीत रेघेपर्यंत भरून झाकण लावायचं. टोपल्यांच्या तळाला प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. तिच्यामुळे पेरॉक्साइड फसफसत विरतं आणि त्याचं पाणी व ऑक्सिजन होतो. त्याला किमान ६ तास लागतात. सकाळी लेन्स अगदी नव्यासारखी! आता चौथ्या आठवड्यातही अक्षरं स्वच्छ दिसतात आणि सोल्युशनमधल्या प्रिझर्व्हेटिव्हमुळे होणारी चुरचुरही गेली.

पण ही बाटली विसरभोळ्या माणसाची नव्हे. लाल टोपण मुद्दाम दिलंय: हे थेट डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते. साधी आडवी डबी चालत नाही, कारण तिच्यात चकती नसते. नव्या बाटलीबरोबर येणारी डबीच वापरायची, जुनी टाकून द्यायची. दुपारी तासाभरासाठी लेन्स काढून परत घालणाऱ्यांना तर याचा उपयोगच नाही. घरात मुलं असतील तर बाटली वरच्या फळीवर ठेवा, मीही तिथेच ठेवते.

आणि फोडणी देऊन, हाताला क्रीम लावून तसेच लेन्सला हात घालत असाल तर कुठलंच सोल्युशन पुरं पडणार नाही. मी आता आधी साबणाने हात धुते, मगच डबी उघडते.

लेन्सवरचे कडक पांढरे कॅल्शियमचे उंचवटे मात्र क्लिअर केअरने निघत नाहीत. गेल्या महिन्यात डाव्या लेन्सवर तसा एक दिसला, ती लेन्स मी फेकून दिली.